कलमे मोजकी, फोन अमाप

आमची रोपवाटिका वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत, डांबरी रस्ता सोडून बरीच आत आहे. हापूस, केसर, रत्ना आणि सिंधू या आंब्यांची कलमे, वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जातींची काजूकलमे, कोकमाची कलमे आणि थोडीफार नारळ-सुपारीची रोपे एवढाच आमचा माल. सासऱ्यांनी सुरू केलेला हा धंदा माझ्या यजमानांनी वाढवला. कलमे बांधण्याचे काम अजूनही मुख्यतः सासऱ्यांच्या आणि त्यांनी तयार केलेल्या माणसांच्या हातात आहे. हिशेब, नोंदी आणि गिऱ्हाइकांशी बोलणे हा भाग माझ्याकडे आला. २०२० पर्यंत आमची प्रसिद्धी म्हणजे फाट्यावरची एक पत्र्याची पाटी, आणि ज्यांच्या बागा आमच्या कलमांवर उभ्या राहिल्या त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलेले चार शब्द. त्यानंतरच्या काळात व्हॉट्सॲप, गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब ही माध्यमे आम्ही एकामागून एक वापरून पाहिली. त्यांतली काही ठेवली, काही जवळजवळ सोडून दिली. घरगुती उद्योग करणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेक जणी हल्ली याविषयी विचारतात, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रोपवाटिकेच्या धंद्याची एक अडचण आधी सांगणे भाग आहे, कारण पुढचे आमचे सगळे निर्णय तिच्यामुळे झाले. आंब्याचे कोय कलम करायचे म्हणजे पावसाच्या तोंडावर कोयी रुजत घालायच्या, रोप उगवून त्याची पाने तांबूस आणि कोवळी असतानाच मातृवृक्षाची निवडलेली काडी पाचर करून त्यावर बांधायची, पावसाळी दमट हवेत जोड सांधू द्यायचा, आणि ते कलम वर्षभर सांभाळून पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला विकायला काढायचे. याचा अर्थ असा की, यंदा आपल्याजवळ किती कलमे असतील हे गेल्या पावसाळ्यातच ठरून गेलेले असते. मागणी वाढली तर पापड जास्तीचे लाटता येतात. कलमांच्या बाबतीत असा काही उपाय नाही. त्यामुळे ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचा’ हा जो सल्ला सर्वांना सरसकट दिला जातो, तो आमच्या कामाचा आहे की नाही, अशी शंका मला पहिल्यापासून होती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईहून बरेच चाकरमानी गावी येऊन राहिले. वर्षानुवर्षे कुलूप लावलेल्या घरांच्या मागच्या पडीक जमिनी त्यांना त्या निमित्ताने रोज दिसू लागल्या. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात आलेल्या तौक्ते वादळाचा फटका आमच्या सिंधुदुर्गालाही बसला. मोडलेल्या झाडांच्या जागी नवी लावायला लोकांना कलमे हवी होती, पण येण्याजाण्यावर निर्बंध असल्यामुळे प्रत्यक्ष बघून निवडणे शक्य नव्हते. साहजिकच सगळी विचारपूस फोनवर आली. एकच माणूस जातीची नावे विचारी, मग किंमत, मग उंची, मग अंतर. आणि हे सांगून फोन ठेवावा तोच दुसरा माणूस पुन्हा जातींपासून सुरुवात करी.

तेव्हा पहिल्यांदा आम्ही साध्या व्हॉट्सॲपऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप घेतले. ते २०१८ पासून उपलब्ध होते आणि २०१९ च्या अखेरीस त्यात कॅटलॉगची सोय आली होती, परंतु आमच्या गरजेची वेळ आता आली. धंद्याला वेगळे सिमकार्ड घेतले, आणि रात्री दहा वाजता येणारे ‘हापूस कसे दिले?’ हे संदेश घरच्या फोनपासून वेगळे झाले. कॅटलॉगमध्ये प्रत्येक जातीचे छायाचित्र, किंमत, कलमाचे वय, साधारण उंची आणि दोन झाडांतले अंतर एवढी माहिती भरली. आंब्याला नेहमीच्या पद्धतीत दहा मीटर बाय दहा मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी शंभर कलमे बसतात आणि काजूला सात बाय सात ठेवले तर दोनशे, हे तिथेच लिहून टाकल्यामुळे ‘माझी अमुक गुंठे जमीन आहे, किती लागतील?’ हा प्रश्न निम्म्यावर आला. ठरावीक उत्तरे साठवून ठेवण्याची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला लेबल लावण्याची सोयही फार कामाची निघाली. ‘नुसती चौकशी’, ‘आगाऊ रक्कम आली’, ‘कलमे नेली’ आणि ‘पुढच्या वर्षी’ अशी चार लेबले मी केली. त्यांतले शेवटचे पुढे सर्वांत मोलाचे ठरले.

याच काळात मी एक वही घातली. फोनवर किंवा संदेशात जो प्रश्न येईल तो गिऱ्हाइकाच्याच शब्दांत तिच्यात उतरवायचा, आणि तोच पुन्हा आला की पुढे एक रेघ मारायची, एवढेच तिचे काम. पावसाळा संपेपर्यंत काही प्रश्नांपुढे रेघांची रांगच झाली होती. ‘कलमाला पालवी येते, मोहोर का येत नाही?’, ‘जोडाच्या खालून फूट आली आहे, ठेवू का?’, ‘शासनाच्या योजनेसाठी तुमची पावती चालेल का?’, ‘कोकमाचे झाड सात वर्षांचे झाले, फळ नाही’ अशा प्रकारचे ते प्रश्न होते. त्यानंतर आम्ही जे काही प्रसिद्ध केले, त्याचा कच्चा माल बहुतांशी या वहीतूनच आला. काय टाकावे हा प्रश्न पडला की पुष्कळजण दुसऱ्यांची पाने पाहतात. ज्याला घरी फोन येतो त्याने तो फोनच नीट ऐकावा असे माझे मत आहे.

व्हॉट्सॲपवर एकच संदेश एकदम अनेकांना पाठवण्यासाठी जी ब्रॉडकास्ट यादी करतात, तिच्याबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अशी यादी करून पाठवलेला संदेश ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ च नावे बसतात. म्हणून आम्ही पावतीवरच ‘हा नंबर साठवून ठेवा, दरवर्षी मे महिन्यात उपलब्ध कलमांची यादी मिळेल’ अशी ओळ छापून घेतली, आणि याद्या तालुक्यांप्रमाणे न करता पिकांप्रमाणे केल्या. काजू लावणाऱ्याला आंब्याची छायाचित्रे पाठवून उपयोग नसतो, आणि दोन-तीनदा नको असलेले आले की माणूस सरळ ब्लॉक करतो.

गूगलवर नोंद करायला मात्र अपेक्षेपेक्षा जास्त त्रास पडला. कोकणात पत्ता म्हणजे वाडी, त्यापुढे देऊळ, त्यापुढे कोणाच्या तरी घराची खूण. नकाशाला यातले काहीच कळत नाही. आमच्या नावाने शोधले तर खूण पडायची ती गावाच्या मध्यभागी, ग्रामपंचायतीच्या आसपास. तिथून माणसे फोन करीत आणि यजमान मोटरसायकल घेऊन त्यांना आणायला जात. नोंदणी करताना नकाशातली खूण बोटाने सरकवून नेमकी आपल्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, आणून ठेवावी लागते, आणि मग ती जागा व तो धंदा आपलाच आहे याची पडताळणी होते. आमच्याकडून त्यासाठी चित्रफीत मागितली गेली: रस्त्यापासून चालत आत येतानाची, पाटी दाखवणारी, आणि शेवटी कार्यालय उघडून परवाना दाखवणारी. फळझाडांच्या रोपवाटिकेला राज्याच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे कृषी खात्याचा परवाना लागतो. तो भिंतीवर टांगलेला होता, तो प्रथमच अशा कामी आला. पुढे आम्ही वळणावळणाची छायाचित्रेही तिथे चढवली, कारण पावसात आमच्या भागात नेटवर्क गेले की नकाशा मुका होतो आणि आधी पाहिलेले छायाचित्र डोक्यात राहते. जून ते ऑगस्ट रोज उघडे, नोव्हेंबरनंतर ‘फोन करून यावे’, अशी वेळही ऋतूप्रमाणे बदलत ठेवतो. या एका नोंदीसाठी पैसा पडला नाही, आणि ज्या माणसाला आजच कलमे न्यायची आहेत असा माणूस जर कुठून येत असेल तर तो बहुतेक इथूनच येतो.

मग फेसबुक आणि इन्स्टाग्राम. शहरातल्या एका जाहिरात संस्थेने महिन्याचा एक ठराव दिला होता, त्यात रोज एक चित्र टाकण्याची हमी होती. पहिल्या महिन्याची चित्रे पाहिली तर निम्म्याहून अधिक सणांच्या आणि जयंत्यांच्या शुभेच्छा, कोपऱ्यात आमचे नाव. त्यांना पसंतीची चिन्हे मिळत, पण त्या पानावरून कलमांची चौकशी करणारा फोन आल्याचे मला आठवत नाही. आम्ही ते पुढे चालू ठेवले नाही. मुंबईत राहणारा माझा भाचा त्या वर्षी मे महिन्यात गावी आला होता, त्याने सासऱ्यांच्या कलम बांधण्याची चित्रफीत घ्यायची असे ठरवले. सासरे आधी तयार नव्हते. ‘मोबायलात दिसला म्हणान कलम बरा ठरता काय?’ असे त्यांचे म्हणणे. शेवटी ‘मी काय बोलूचंय नाय, हातांचो काढूचो तर काढ’ या अटीवर ते बसले.

चित्रण प्रत्यक्षात जुलैत झाले, कारण कलमे बांधण्याचा मोसम तो. काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच काढून डोळे फुगवलेले, सुरीच्या दोन ओढींत काडीची पाचर तयार, रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर, पाचर आत, आणि वरून प्लास्टिकची पट्टी गच्च. सासऱ्यांचा हात एवढा बसलेला आहे की हे सगळे एका श्वासात होते. भाच्याने त्यावर एक प्रसिद्ध गाणे घालायचे ठरवले होते, पण धंद्याच्या खात्याला इन्स्टाग्रामवर सगळी गाणी वापरता येत नाहीत. व्यावसायिक वापराला परवानगी असलेल्या मोजक्या संगीतातून निवड करावी लागते. म्हणून त्याने शेडनेटवर, म्हणजे रोपांवरच्या सावलीच्या जाळीवर, पडणाऱ्या पावसाचा आणि सुरीचा मूळ आवाजच ठेवला.

इन्स्टाग्रामवर टाकलेली ती रील, म्हणजे छोटी चित्रफीत, आमच्या कल्पनेपलीकडे पसरली. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि लगोलग जुलैत इन्स्टाग्रामने रील भारतात सुरू केले. त्यानंतर अशा चित्रफिती बघण्याची सवय गावोगावी पोहोचली होती. फोन सुरू झाले ते विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, एक-दोन तर गुजरातेतून. सकाळी रोपांना पाणी देतानाही फोन कानालाच. आमच्याकडची हापूसची कलमे त्या वर्षी निम्मी आधीच बोलून गेलेली होती. शिवाय फोन करणाऱ्या बहुसंख्य लोकांना जे हवे होते ते आम्ही विकणे बरोबर नव्हते. कोकणच्या दमट हवेत आणि जांभ्या जमिनीत वाढणारा हापूस कोरड्या, कडक थंडी-उन्हाच्या प्रदेशात त्याच गुणाचा निघेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तिकडे केसर अधिक बरा चालतो. हापूस या नावाला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले तेही पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरते आहे, त्यामुळे आमचे कलम घाटावर नेऊन लावले म्हणून तिथल्या फळाला ते लागू होत नाही. हे प्रत्येकाला समजावून सांगण्यात दिवस जात, आणि काहीजण रागावून ‘तुम्हाला द्यायचेच नाही’ असे म्हणून फोन ठेवीत.

आपोआप जाणाऱ्या पहिल्या संदेशात आम्ही मग दोनच प्रश्न ठेवले: जमीन कोणत्या जिल्ह्यात आहे, आणि पाण्याची सोय आहे का. त्याखाली स्पष्ट लिहिले की, घाटमाथ्यापलीकडे हापूस लावण्याचा सल्ला आम्ही देत नाही. रीलच्या खालीही हीच टिप्पणी पहिल्या जागी अडकवून ठेवली. चौकश्या एकदम कमी झाल्या आणि भाच्याला वाईट वाटले. माझ्या दृष्टीने मात्र कामाचा फोन उचलायला वेळ मिळू लागला. त्यानंतरही आम्ही रील टाकतो, पण त्यांत काय आहे त्यापेक्षा कोणासाठी आहे हे पहिल्या वाक्यात सांगतो: ‘सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ज्यांची वरकस जमीन पडून आहे त्यांच्यासाठी’ (वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन). एवढे म्हटले की नागपूरचा माणूस पुढे सरकतो आणि वरकस म्हणजे काय हे ज्याला सांगावे लागत नाही तो थांबतो.

यूट्यूबकडे आम्ही उशिरा वळलो, आणि माझे मन सर्वांत जास्त तिथेच रमले. रील चार-आठ दिवस फिरते आणि मग तिचा ठाव लागत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ मात्र कोणी दोन वर्षांनी तोच प्रश्न टाइप केला तरी वर येतो. कलम लावल्यापासून उत्पन्न सुरू होईपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि त्या सगळ्या काळात गिऱ्हाइकाला शंका येत असतात, त्यामुळे आमच्या मालाला हे माध्यम विशेष जुळते. व्हिडिओचे शीर्षक म्हणून मी वहीतला प्रश्न जसाच्या तसा लिहिते. सर्वांत जास्त पाहिला गेलेला आमचा व्हिडिओ कोकमाचा आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास झाडे नर निघतात, आणि फुले येईपर्यंत म्हणजे सहा-सात वर्षे ते कळत नाही. म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलम घ्यायचे. आणि तेही सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याच्या काडीचे, कारण आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड उंच न होता जमिनीलगत पसरत राहते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ ही जात आम्ही ठेवतो, तिचे झाड आणि बाजूला आडवे पसरलेले एक झाड असे दोन्ही दाखवून हे सगळे सांगितले. त्यात ‘आमच्याकडून घ्या’ हे वाक्य एकदाही नाही. तरीही तो पाहून आलेला माणूस भाव करीत नाही. त्याला काय घ्यायचे ते ठरवूनच तो येतो, आणि आल्यावर काडी कुठली आहे हे मात्र हमखास विचारतो.

बोलायचे कसे, हाही प्रश्न होता. मी पहिल्यांदा लिहून काढलेला मजकूर कॅमेऱ्याकडे बघून म्हटला, तेव्हा तो आकाशवाणीच्या बातम्यांसारखा झाला. नंतर सासऱ्यांनाच मालवणीत बोलू दिले, आणि मी मधूनमधून प्रमाण मराठीत प्रश्न विचारले. मालवणी ऐकून डोंबिवली-विरारकडच्या लोकांनी ते आपापल्या वाडीच्या गटांत पाठवले. ज्यांना मालवणी कळत नाही त्यांना माझ्या प्रश्नांवरून अर्थ लागतो.

छायाचित्रांबद्दल थोडे सांगते, कारण तक्रारी बहुधा त्यांवरूनच उगवतात. आमच्याकडे शेडनेट हिरवी आहे आणि तिच्याखाली काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात पाने आहेत त्यापेक्षा अधिक हिरवीगार दिसतात. असे छायाचित्र पाहून आलेल्या माणसाला प्रत्यक्षातले कलम फिकट वाटते आणि आपल्याला दुसरेच दिले असा त्याचा समज होतो. म्हणून कलम नेटच्या बाहेर आणून, सकाळच्या उन्हात, बाजूला फूटपट्टी उभी करून आणि जोडाची जागा स्पष्ट दिसेल असे आम्ही छायाचित्र काढतो. कॅटलॉगमधली छायाचित्रे दरवर्षी नवी घ्यावी लागतात, कारण एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर कलमांची उंचीच कमी भरते.

पैसे देऊन जाहिरात करण्याचा प्रयोग आम्ही दोन प्रकारे केला. आधी पोस्टखालचे ‘बूस्ट’चे बटण दाबून, त्यातून ती पोस्ट खूप जणांना दिसली, पण बोलायला फारसे कोणी आले नाही. नंतर भाच्याने फेसबुकवर जाहिराती लावण्याच्या ‘ॲड्स मॅनेजर’मधून जाहिरात लावली, जिच्यावर बोट ठेवले की थेट व्हॉट्सॲपचे संभाषण उघडते. ती कोणाला दिसावी हे ठरवताना आम्ही आमचा जिल्हा निवडला नाही, कारण इथे पाटी आणि ओळख पुरते. विरार, नालासोपारा, डोंबिवली, कल्याण, ठाणे असे भाग निवडले, जिथे कोकणातली माणसे मोठ्या संख्येने राहतात आणि ज्यांची जमीन गावी आहे. वेळ निवडली ती एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतची. तेव्हा घरोघर आंब्याच्या पेट्या उघडलेल्या असतात, मुलांच्या सुट्टीमुळे गावी जाण्याचे बेत चाललेले असतात, आणि लागवडीचे खड्डेही मे महिन्यातच, पावसाआधी, घ्यायचे असतात. जाहिरातीत म्हणूनच कलमाचे छायाचित्र न देता खड्ड्याचे दिले: एक मीटर लांब, रुंद आणि खोल, शेजारी माती, पालापाचोळा आणि शेणखताचे ढीग, आणि वर ‘गावी आलात की आधी खड्डे घ्या, कलमे जूनमध्ये न्या’. रोजचा खर्च बेताचा ठेवला. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरावे लागते. कलमांचे आगाऊ आरक्षण भरत आले की आम्ही जाहिरात मुदतीआधीच बंद करतो. बंद करण्याचे बटण कुठे आहे हे सुरू करण्याआधी पाहून ठेवावे, एवढे मी प्रत्येकीला सांगते.

प्रसिद्धीबरोबर जे नको ते येते, त्यातले दोन प्रसंग आठवतात. आमचीच छायाचित्रे उचलून कोणीतरी दुसऱ्या नावाने फेसबुकवर पान काढले आणि आमच्या निम्म्या दरात हापूसची कलमे घरपोच देतो असे सांगून आगाऊ पैसे घेतले. फसलेला एक गृहस्थ छायाचित्रातली पाटी मोठी करून, तिच्यावरचा नंबर वाचून आमच्याशीच भांडायला लागला, म्हणून आम्हाला कळले. त्याला १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगितले, आम्ही पानाविरुद्ध फेसबुकला कळवले, आणि तेव्हापासून प्रत्येक छायाचित्राच्या मधोमध, कापून काढता येणार नाही असे, नाव आणि नंबर घालतो. आगाऊ रक्कम फक्त रोपवाटिकेच्या नावाच्या क्यूआर कोडवर स्वीकारतो आणि कुरिअरने कलमे पाठवत नाही, हे दोन्ही सर्व पानांवर ठळक लिहिले आहे.

दुसरा प्रसंग गूगलवर एकच तारा देऊन लिहिलेल्या अभिप्रायाचा. एका गिऱ्हाइकाने नेलेली बहुतेक कलमे मेली, आणि त्याने आम्ही रोगट माल दिला असे लिहिले. यजमानांचा पहिला विचार कडक उत्तर देण्याचा होता. मी नोंद काढून पाहिली तर त्याने कलमे पावसाळ्यात नेली होती, लावली मात्र जानेवारीत. तोवर ती पिशवीतच, अंगणात उन्हात होती, असे त्याच्याच एका संदेशात होते. उत्तरात आम्ही त्याला दोष न देता कलमे नेल्याचा महिना लिहिला, पिशवीतली कलमे उन्हापासून कशी जपावी ते दोन ओळींत लिहिले आणि पुढच्या जूनमध्ये काही कलमे कमी दराने देऊ असे कळवले. तो आला नाही आणि तो अभिप्रायही गेला नाही. पण नंतर येणारी काही माणसे ‘ते उत्तर वाचून आलो’ असे सांगत, तेव्हा उत्तर लिहिताना ते तिऱ्हाईत वाचणार आहे हे धरून चालावे, हे माझ्या ध्यानात आले.

इन्फ्लुएन्सर म्हणवणाऱ्या काही जणांचीही विचारणा आली. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी आहे हे स्पष्ट सांगण्याचा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने २०२१ मध्ये घालून दिला आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तशी मार्गदर्शक सूचना काढली; तसे सांगायला जो तयार नव्हता त्याच्याशी बोलणे तिथेच संपले.

कोणत्या माध्यमातून माणूस येतो हे पाहण्यासाठी प्रत्येक पावतीच्या मागे मी ‘कुठून कळले’ हे लिहून घेते. सर्वांत वरचा क्रमांक आजही जुन्या गिऱ्हाइकाने सांगितलेल्यांचाच आहे, आणि तो खाली जाईल असे मला वाटत नाही. त्यानंतर गूगलचा नकाशा, मग यूट्यूब, मग व्हॉट्सॲपवरच्या याद्या. रील पाहून आलेले शेवटी. तरी यात एक गुंता आहे: जुन्या गिऱ्हाइकाने ज्याला सांगितले तो येण्याआधी आमचे व्हिडिओ पाहतो, आणि पावतीवर नाव मात्र सांगणाऱ्याचे येते. त्यामुळे या नोंदीवरून एखादे माध्यम निरुपयोगी ठरवायला मी कचरते. शासनाच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून येणाऱ्यांचा मार्ग वेगळा. त्यांना परवान्याचा क्रमांक आणि रीतसर पावती हवी असते, आणि तो क्रमांक प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिल्यापासून त्यांच्या चौकशीचा फोन दोन मिनिटांत आटोपतो.

‘पुढच्या वर्षी’ हे लेबल लावलेल्यांची यादी आता आमच्या उत्पादनाचा आधार झाली आहे. ज्यांना या मोसमात कलमे मिळाली नाहीत त्यांना जूनमध्येच विचारतो की, पुढच्या पावसाळ्यासाठी कोणत्या जातीची किती लागतील. त्यावरून किती कोयी रुजत घालायच्या हे ठरते. गेल्या दोन मोसमांत यामुळे काजूची आणि कोकमाची कलमे वाढवली, हापूसची तेवढीच ठेवली. रत्ना या जातीची मागणीही याच यादीतून दिसली: दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये काढलेल्या या फळात साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) होत नाही, हे एका व्हिडिओत सांगितल्यानंतर घरापुरती दोन-चार झाडे लावणारे लोक ती आवर्जून मागू लागले. यंदाच्या हापूस कलमांचे आरक्षण मे महिन्यातच पूर्ण झाले असून कॅटलॉगमध्ये त्यापुढे ‘संपली’ असे लिहिले आहे. जाहिरात बंद आहे, कोयी वाफ्यात पडल्या आहेत, आणि पुढच्या वर्षीची यादी सध्या काजूपासून भरत आहे.